गाडगीळांनी नक्की काय वाचवलं?

कळकाचं_बेट (धागाकर्ता)
काल एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ म्हणजे नुसता शोधनिबंधांचा ढीग. पश्चिम घाटावरचा २०११ चा अहवाल धूळ खातोय, एक झाड वाचलं नाही.' उत्तर दिलं तर अ‍ॅडमिनने उडवलं. म्हणून इथे लिहितोय.

अहवालाचं राहू द्या, बांबूचं बघा. १९७५ च्या सुमारास कर्नाटक सरकारने त्यांना बांबूचा अभ्यास करायला सांगितलं. उत्तर कन्नडमधल्या कागद गिरणीला सरकारने बांबू दिला होता टनाला दीड रुपयाने! बुरुडाला तोच बाजारभावाने. साठे संपत चालले तसं खापर फुटलं गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं. वाढीला मोकळीक मिळावी म्हणून ते साफ करायचं, हे वनखात्याचं शास्त्र. गावकरी म्हणाले, काटे काढलेत की पावसाळ्यातला कोवळा कोंब साळींदर, वानर, गुरं सगळी खातात. गाडगीळांनी मोजून पाहिलं. गावकरीच बरोबर निघाले. शास्त्रज्ञाने गावकऱ्याचं म्हणणं तपासण्यालायक मानलं, हा परिणाम नाही तर काय?

निवृत्त_आरएफओ
तीस वर्षं जंगलात काढली आहेत, म्हणून बोलतो. काटे ठेवायचे हे आमच्या वनमजुरालाही ठाऊक होतं. त्यासाठी हार्वर्डची पीएचडी लागत नाही.

कळकाचं_बेट
मग साफ कोण करत होतं साहेब? साळींदर?

निवृत्त_आरएफओ
टिंगल नको. प्रश्न साधा आहे: त्या संशोधनामुळे वनखात्याच्या किती कार्य आयोजना, म्हणजे जंगल तोडीचे-लागवडीचे आराखडे, बदलल्या? बांबू विकण्याचा हक्क गावाला मिळाला तो गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला, २०११ मध्ये. त्यामागे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि अख्ख्या गावाची वर्षानुवर्षांची चिकाटी आहे. ते श्रेय शोधनिबंधाच्या खात्यावर टाकू नका.

कळकाचं_बेट
टाकलेलं नाहीच. पण हा मुद्दा मान्य.

माडाची_वाडी
तुमचं बांबू चालू द्या. माझ्या बागेत वांदरांनी यंदा एक शहाळं ठेवलं नाही. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत खाली पडलेले नारळ कुजले. पर्यावरणवाल्यांनी एकदा वस्तीला यावं.

पुणेरी_ओटा
प्राण्यांच्या जागेत बागा लावल्या की असंच होणार.

माडाची_वाडी
प्राण्यांची जागा? पणजोबांच्या नावाचा सातबारा आहे. तुमच्या सोसायटीत रानडुक्कर शिरला तर खिचडी घालाल काय? भातात रात्रभर पत्र्याचा डबा बडवत बसलायत कधी? माझा बाप बसायचा, आता मी बसतो. कणसं भरली की डुक्कर येतो, सकाळी अर्धा कुणगा लोळवलेला. मारला तर गुन्हा माझ्यावर.

कळकाचं_बेट
दादा, १९७२ चा वन्यजीव कायदा शेतकऱ्यावर अन्याय करतो, डुकरं मारू द्या, हे जाहीरपणे म्हणणारे शास्त्रज्ञ कोण, माहितेय? गाडगीळच.

माडाची_वाडी
खरं?

पुणेरी_ओटा
म्हणाले होते, हो. आणि तिथेच त्यांचं चुकलं. उद्या डुकराच्या नावाखाली भेकरं जातील. फासकीत अडकलेला बिबट्या मी डोळ्यांनी पाहिलाय, तारेने पोट कापलेला. फासकी डुकरासाठीच लावली होती.

माडाची_वाडी
बिबट्याचं वाईट वाटतं. माझ्या बापाचं पण वाटून घ्या थोडं. गाडगीळांबद्दलचे शब्द मागे घेतो, तुमच्याबद्दलचे नाही.

घाटमाथा_४११
डुकरं आवरा, मूळ प्रश्नावर या. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गाडगीळांचा मोठा वाटा. गावाने स्वतःची लोक-जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची नोंद, करावी ही कल्पनाही त्यांचीच. आमच्या गावची झाली. कुणा एजन्सीने केली, गावात कुत्रं फिरकलं नाही. उघडली तर आत खारफुटी! आम्ही समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर वर. आमच्या देवराईतला बेहडा, ज्याच्याखाली जत्रेची पालखी टेकते, तो मात्र नाही. याला परिणाम म्हणायचं?

कळकाचं_बेट
याला आपली ग्रामसभा म्हणायचं. तुम्ही बसून भरलीत का ती?

घाटमाथा_४११
सही केली मी. न वाचता. बोला आता.

निवृत्त_आरएफओ
हेच सांगतोय. ग्रामसभा ठरवेल हे कागदावर छान दिसतं.

कळकाचं_बेट
आणि तुमच्या खात्याने ठरवलेलं दीड रुपयात गेलं! २०११ च्या त्या अहवालात गाडगीळ समितीने पश्चिम घाट कमी-जास्त संवेदनशील अशा तीन क्षेत्रांत वाटला आणि अंतिम निर्णय ग्रामसभांवर सोडला. तो भाग लोकांपर्यंत पोचलाच नाही. पोचलं काय, तर 'घराला रंग द्यायलाही परवानगी लागेल'. मग नंतरच्या कस्तुरीरंगन समितीने संरक्षणाचं क्षेत्र घाटाच्या ३७ टक्क्यांवर आणलं, तेही अजून मसुद्यात. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं. ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडला दरडी कोसळल्या. आणि ३१ जुलै २०२४ ला घाटाच्या संरक्षणाची मसुदा अधिसूचना, सहावी.

निवृत्त_आरएफओ
तारखा जुळल्या म्हणून कारण सिद्ध होत नाही. माळीणला पाऊस किती झाला तेही बघा.

कळकाचं_बेट
बघितलंय. उतारावर काय केलं होतं तेही बघा.

निवृत्त_आरएफओ
ते मात्र... असो. बांबूवरचा तो अभ्यास कुठे मिळेल? आमच्या वेळी रेंजवर कुणी दाखवला नाही.

माडाची_वाडी
आणि डुकराबद्दल नक्की काय म्हणाले तेही टाका. ग्रामसभेत वाचून दाखवतो.