दुसऱ्याच्या निविदेवर आपली खरेदी: काटकसर की पळवाट?

धागाकर्ता: एका नगरपालिकेने रीतसर निविदा काढून ठरवलेल्या दरांवर, मूळ करारात तशी मुभा देणारे कलम असल्यास, दुसऱ्या नगरपालिकेने किंवा शाळा मंडळाने पुन्हा निविदा न काढता खरेदी करावी, असे माझे मत आहे. पंधरा-वीस वर्षांतून एखादाच अग्निशमन बंब घेणाऱ्या छोट्या संस्थेकडे पंपाची क्षमता आणि शिडीची लांबी नेमकेपणाने लिहून काढणारा माणूस नसतो; मग जुन्याच निविदेची नक्कल होते, तीही चुकांसकट. अमेरिकेत तर २००२ च्या ई-गव्हर्नमेंट कायद्याने राज्य व स्थानिक संस्थांना केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञानविषयक दरकरारांवर खरेदी करण्याची वाट मोकळी केली.

खर्डेघाशा: आपण बंबाचेच उदाहरण घेतलेत म्हणून सांगतो. मूळ करारात असतो तो साधा बंब; त्यावर वेगळी केबिन, जादा दिवे, मोठी टाकी अशा बाबी चढत जातात आणि शेवटी देयकातला मोठा हिस्सा अशा वस्तूंचा निघू शकतो, ज्यांच्यासाठी कोणीही स्पर्धा केलेली नसते. शिवाय असे करार चालवणाऱ्या अनेक संस्था पुरवठादाराकडून विक्रीच्या प्रमाणात शुल्क घेतात; म्हणजे दर खाली आणण्यापेक्षा उलाढाल वाढवण्यातच त्यांचे हित. अशांना मी दलाल म्हणेन.

धागाकर्ता: शुल्काचा मुद्दा मान्य. पण जादा बाबींचे दर मूळ निविदेतच मागवता येतात, आणि ज्यांचे मागवलेले नाहीत त्या स्वतंत्रपणे घ्याव्यात. जाहिरात, देकारांची छाननी आणि तक्रारी यांत जाणारे महिने आपण हिशेबात धरतच नाही, कारण त्यांचे देयक कोणी पाठवत नाही.

साधा करदाता: दोघांच्याही नजरेतून परिमाण सुटले आहे. दहा गाड्यांसाठी दिलेला दर शंभर गाड्यांना लावला, तर बचत पुरवठादाराच्याच खिशात जाते. आणि शंभरांची मागणी आधी कळली असती तर हरलेल्या निविदाकाराने कदाचित वेगळाच देकार दिला असता. उत्तर इटलीतील एका सार्वजनिक आरोग्य संस्थेने दुसरीच्या साफसफाई व कचरा विल्हेवाटीच्या करारात नव्या निविदेशिवाय प्रवेश केला, तेव्हा ते प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. २०१८ मध्ये न्यायालयाने असा सहभाग सरसकट नाकारला नाही. मात्र कोणत्या संस्था सामील होऊ शकतात आणि एकूण किती परिमाणापर्यंत, हे सुरुवातीलाच स्पष्ट असले पाहिजे, असे बजावले.

खर्डेघाशा: ही अट पाळली तर माझा निम्मा विरोध मावळतो. मात्र मग ती एकत्रित निविदाच झाली. ‘आम्हालाही त्याच दराने द्या’ ही मागाहून सुचलेली खरेदी तिच्यात बसत नाही.

धागाकर्ता: बसत नाही, हे खरे. माझ्या मूळ विधानातील ‘तशी मुभा देणारे कलम असल्यास’ या शब्दांपुढे ‘आणि सामील होणाऱ्यांची नावे व कमाल परिमाण त्यात लिहिलेले असल्यास’ एवढी भर घालतो. फक्त छोट्या संस्थेने आपली पुढच्या काही वर्षांची गरज आधी कळवायची, तर ती तिला ठाऊक असावी लागते, आणि गाडे बहुतेक वेळा तिथेच अडते.