मदत हवी आहे: फायरवॉलवर वेळेनुसार लावलेली वेगमर्यादा लागू होत नाही

जिनिंगकारकून (यवतमाळ जिल्हा):
आमच्या जिनिंगच्या कार्यालयात ४० एमबीपीएसची एकच फायबर जोडणी असून, वजनकाट्याच्या नोंदी आणि शेतकऱ्यांचे चुकारे (कापसाचे पैसे देणे) तिच्यावरूनच होतात. म्हणून सकाळी १० ते सायंकाळी ५.३० पर्यंत वाय-फायवरील मोबाइल ५ एमबीपीएसवर रोखून नंतर मोकळे सोडण्याचा नियम मी फायरवॉलवर (नेटच्या वाहतुकीवर नियम लावणाऱ्या उपकरणावर) केला. तरीही सकाळभर वाय-फाय पूर्ण वेगाने धावते आणि इकडे बँकेचे पान उघडत नाही. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आहे. कृपया लवकर सांगावे.

जुना_नेटवाला:
फायरवॉल कोणती, हे लिहिलेलेच नाही. नियमही जसाच्या तसा द्यावा.

जिनिंगकारकून:
मायक्रोटिकचा राउटर आहे. सिंपल क्यूमध्ये (ठरावीक पत्त्यांचा वेग बांधणाऱ्या नियमात) वाय-फायवरील उपकरणांचे आयपी पत्ते, अपलोड २ व डाउनलोड ५ एमबीपीएस, वेळ १०:०० ते १७:३०, रविवार वगळून.

वर्धाकाठ:
हे फास्टट्रॅकचेच (राउटरमधून वाहतूक झटपट पुढे सोडणाऱ्या नियमाचेच) काम आहे. फास्टट्रॅकमधून गेलेल्या जोडण्या सिंपल क्यूला वळसा घालून जातात, त्यामुळे तो नियम आधी बंद करावा.

भिंतवाला:
जुन्या संगणकावर पीएफसेन्स ही फायरवॉल प्रणाली बसवा. त्यात वेळापत्रक आणि लिमिटर (वेग बांधण्याची सोय) दोन्ही मिळतात.

जुना_नेटवाला:
ऐन हंगामात फायरवॉलच बदलण्याचा सल्ला देऊ नये. शिवाय पीएफसेन्समध्ये लॅनच्या (कार्यालयातल्या जाळ्याच्या) नियमात ‘इन’ म्हणजे अपलोड, हे उलगडेपर्यंत नवख्याचा आठवडा जातो.

गाठीवाला:
आरटीजीएस (बँकेतून मोठ्या रकमा पाठवण्याची सेवा) १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू आहे. चुकारे रात्री करावेत.

जिनिंगकारकून:
शेतकरी पैसे जमा झाल्याचे पाहूनच निघतो, त्यामुळे रात्रीचा उपाय चालणार नाही आणि मी तो विचारलाही नव्हता. फास्टट्रॅक बंद करून राउटर पुन्हा सुरू केला, तरी आज सकाळी तेच.

जुना_नेटवाला:
मर्यादा मुळीच लागत नाही, की भलत्या वेळी लागते?

जिनिंगकारकून:
आता विचारले म्हणून सांगतो: काल दुपारी साडेतीननंतर वाय-फाय मंदावले आणि रात्री रेच्यांवरील (सरकी काढणाऱ्या यंत्रांवरील) मजूर नेट चालत नाही म्हणून कुरकुरत होते. ती जोडणीचीच अडचण असावी, असे समजून लिहिले नव्हते.

जुना_नेटवाला:
राउटरचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. त्याचे १० वाजतात तेव्हा आपले ३.३० झालेले असतात आणि त्याच्या १७:३० ला आपले रात्रीचे ११. क्लॉकमध्ये टाइम झोन एशिया/कोलकाता करावा. एनटीपीही (नेटवरून घड्याळ जुळवण्याची सोय) सुरू ठेवावे, कारण बहुतेक मॉडेलांत घड्याळाला बॅटरी नसते आणि वीज गेली की वेळ चुकते.

वर्धाकाठ:
तरीही फास्टट्रॅक बंदच ठेवावा, नाहीतर वेळ बरोबर असूनही मर्यादा निसटेल.

जिनिंगकारकून:
आज १० वाजता मर्यादा लागली आणि चुकारे सुरळीत झाले. आता शेठजींचा मोबाइलही ५ वर आला आहे. त्यांना कसे वगळावे?

जुना_नेटवाला:
त्यांच्या मोबाइलला पत्ता ठरवून द्यावा आणि त्या पत्त्याचा वेगळा क्यू या क्यूच्या वर ठेवावा, कारण यादीत जो आधी जुळतो तोच लागू होतो.