किंत्सुगी: रोजच्या कपासाठी उरुशी की इपॉक्सी?

अबोली२७
चिनीमातीचा कप आहे. तीन तुकडे झालेत आणि ओठ लागतो त्या कडेला तूरडाळीएवढा टवका उडालाय. किंत्सुगीचे, म्हणजे फुटलेलं भांडं सोनेरी रेघेने सांधण्याच्या जपानी पद्धतीचे, स्वस्त संच इपॉक्सी (कृत्रिम गोंद) आणि सोनेरी पावडरीचे असतात, खऱ्या उरुशीचे (झाडाच्या चिकाच्या जपानी लाखेचे) बरेच महाग. हा कप शोकेसमध्ये ठेवायचा नाही, त्यातून चहा प्यायचा आहे. इपॉक्सी चालेल का? आणि उरुशी 'ओल्या खोक्यात ठेवून वाळवा' म्हणतात, ते काही पटेना. पुण्याच्या कोरड्या हवेत तर ती आपोआपच लवकर वाळायला हवी ना?

भट्टीकर
चहासाठी इपॉक्सी नको. साधं इपॉक्सी ५०-६० अंशांपुढे मऊ पडू लागतं, चहा त्याहून गरम असतो. बहुतेक इपॉक्सी खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी बनवलेलंही नसतं. वरची सोनेरी पावडर सहसा पितळेची असते, ती काळवंडते. शोभेच्या फुलदाणीला ठीक आहे.

आता वाळण्याचं. उरुशी हा झाडाचा चीक आहे आणि तो पाणी उडून वाळत नाही. त्यात लॅकेज नावाचं विकर असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन चिकाला घट्ट करतं, पण दमट हवेतच. २०-२८ अंश तापमान आणि ७०-८५ टक्के आर्द्रता हवी. पुण्याच्या एप्रिलमध्ये उघड्यावर ठेवलात तर कित्येक आठवडे चिकटच राहील. झाकणाचं खोकं घ्या, तळाशी ओला करून पिळलेला पंचा, त्यावर जाळी, शेजारी स्वस्तातला आर्द्रतामापक. जपानी कारागीर याला मुरो किंवा फुरो म्हणतात. मुंबई-कोकणात जुलैमध्ये नुसतं कपाट पुरतं. ९० टक्क्यांच्या वर मात्र नेऊ नका. वरची साय झटकन धरते, आतला थर कच्चा राहतो आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात.

सहाण
जोडणीचं सांगतो, बिघाड बहुतेक तिथेच होतो.

आधी तुकडे कोरडेच जुळवून क्रम ठरवा. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा आत बसतच नाही. फुटलेल्या कडांची धार हिऱ्याच्या कानशीने किंचित मारा, कच्च्या (प्रक्रिया न केलेल्या) उरुशीचा पातळ हात द्या, पुसून घ्या आणि खोक्यात घट्ट होऊ द्या.

मग खळ, म्हणजे 'मुगी-उरुशी'. पाव चमचा मैदा थेंब थेंब पाण्यात पोळीच्या कणकेइतका मऊ मळा. त्यात साधारण तेवढीच कच्ची उरुशी घालून तार सुटेपर्यंत घोटा. दोन्ही कडांना अगदी पातळ लावा, १५-२० मिनिटं हवेत ठेवा, मग दाबून बसवा आणि चिकटपट्टीने बांधा. खळ जाड झाली की सांधा उंच राहतो आणि तिसरा तुकडा जुळत नाही. किमान दोन आठवडे हात लावू नका. सांध्याच्या पोटात दमट हवा फक्त फटीतून पोचते, म्हणून इतका वेळ. बाहेर आलेली खळ नंतर पात्याने खरवडा.

टवक्यासाठी 'साबी': तोनोको ही बारीक मातीची भुकटी आधी पाण्यात कालवायची, मग त्यात लगद्यापेक्षा थोडी कमी उरुशी. एका वेळी मिलिमीटरभरापेक्षा जाड थर नको, आत कच्चा राहतो. तुमच्या टवक्याला तीन-चार थर लागतील, प्रत्येक थर घट्ट झाल्यावर पाणकागदाने घासून. त्यावर काळ्या उरुशीचे दोन हात.

काजूबोंड
हातमोजे विसरू नका! उरुशीचं झाड आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं. बिब्बा उततो तसंच हे उततं: खाज, पुरळ, फोड, आणि तेही बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी. ज्यांना बिब्बा किंवा काजूच्या टरफलाचं तेल बाधतं त्यांनी जास्तच जपावं. त्वचेला लागली तर आधी गोडं तेल चोळून पुसा, मग साबण. ब्रशही तेलानेच धुतात, पण वापरण्याआधी ते तेल टर्पेंटाइनने पूर्ण काढा. तेल राहिलेल्या ब्रशची रेघ घट्ट होत नाही आणि दोष उरुशीच्या नावावर जातो.

अबोली२७
आभार! सोनं किती लागेल? आणि मिठाईवरचा सोन्याचा वर्ख चालेल का?

सहाण
एका कपाला पाव ग्रॅमसुद्धा लागत नाही. महाग पडते ती वाट बघणं. सगळं धरून दीड-दोन महिने जातात.

सोन्याखाली लाल उरुशीची रेघ असते. त्यातला लाल रंग म्हणजे लोहाचा गेरू, जपानीत 'बेंगारा', आणि हे नाव आलंय आपल्या बंगालवरून. रेघ केसासारखी पातळ ओढा आणि खोक्यात अर्धा तास ठेवा. तोंडाची वाफ सोडली की रेघेवर क्षणभर धुरकट झाक आली पाहिजे, तीच वेळ. लवकर टाकलं तर सोनं बुडतं आणि रेघ तपकिरी दिसते, उशीर झाला तर धरतच नाही. रेशमाच्या कापसाने हलकं थोपटा.

वर्ख अख्खा लावलात तर कडा सुटतात. 'केशी' नावाची जपानी पावडर मात्र वर्खच घोटून करतात, आपल्याकडे लघुचित्रांसाठी वर्ख डिंकात घोटतात तशी. घरी घोटलात तर चिकटपणा पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन काढा आणि पूर्ण वाळवा, नाहीतर गुठळ्या पडतात. चांदीचा वर्ख टाळा, तो काळा पडतो.

भट्टीकर
एक राहिलं. पूर्ण झाल्यावरही महिनाभर गरम काही ओतू नका, आणि मायक्रोवेव्ह, डिशवॉशर कायमचे बंद.