स्कॉटलंडच्या नकाशावरची गेलिक नावं कशी वाचायची?

रानवाट: उन्हाळ्यात वायव्य स्कॉटलंडमध्ये, ॲपलक्रॉसच्या बाजूला, पायी भटकायचा बेत आहे. नकाशावर नावं गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतली: एक डोंगर ‘बेन’, शेजारचा ‘स्गूर’, खिंड ‘ब्यालख’. दक्षिणेकडे ‘किल’ने सुरू होणाऱ्या कितीतरी पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दीतला भाग). यामागे काही पद्धत आहे का?

कडेकपारी: आहे तर! बेन म्हणजे डोंगर, स्गूर म्हणजे टोकदार, खडकाळ शिखर, कार्न म्हणजे दगडांची रास किंवा तशा माथ्याचा डोंगर. विशेषण नामाच्या मागे येतं. तुमच्या वाटेवर ८९६ मीटरचा ‘बेन वान’ लागेल, म्हणजे पांढरा डोंगर. मूळ विशेषण ‘बान’. पण बेन स्त्रीलिंगी, म्हणून ‘ब’चा ‘व’ झाला. नकाशावर तिथे बी-एच दिसेल. आपण ‘मोठा’चं ‘मोठी’ करताना शब्दाचा शेवट बदलतो, गेलिकमध्ये सुरुवात बदलते. तसंच ‘मोर’ म्हणजे मोठा, पण स्त्रीलिंगी नामामागे ‘वोर’. ग्लेन को खोऱ्याजवळच्या बुअखल एटिव मोर या डोंगराच्या नावात मात्र ‘मोर’च राहतो, कारण बुअखल म्हणजे गुराखी, पुल्लिंगी. हे एवढं पक्कं झालं की नकाशा घेऊन तासन्‌तास बसावंसं वाटतं, निदान मला तरी.

खिंडीचं नाव ‘ब्यालख ना बा’, गुरांची खिंड. उंची ६२६ मीटर. पूर्वी गुरं बाजाराला हाकत नेली जायची ती इथूनच.

रानवाट: आणि ‘किल’?

कडेकपारी: बहुतेक ठिकाणी चर्च, पुढे संताचं नाव. किलमार्टिन म्हणजे संत मार्टिनचं, किलब्राइड म्हणजे संत ब्रिजिटचं.

जुनीपायवाट: बहुतेक, सगळीकडे नाही! किलीक्रँकीतला ‘किली’ म्हणजे रान. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका, गेलिक रूप आधी शोधा. ‘ऐनमन-आच्य न हालप’ ही संस्था तेच काम करते, त्यांचा नावांचा संग्रह इंटरनेटवर खुला आहे.

आणि ॲपलक्रॉसमध्ये सफरचंद शोधू नका. ते नाव ‘अबर क्रॉसन’वरून आलं, क्रॉसन नदीचं मुख. गेलिक बोलणारे त्याला ‘अ खोमरिख’ म्हणतात, अभयस्थान. संत माएलरुवाने ६७३ साली तिथे मठ स्थापला, आणि त्याच्या हद्दीत शिरलेल्याला कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. इंग्रजी नावात यातलं काहीच उरलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथे गेलात की गेलिक नावानेच विचारा.

रानवाट: नक्की. ‘ख’ घशातून काढायचा सराव आजपासूनच सुरू करतो.