हायड्रोजेल आणि बोअरचं पाणी
हायड्रोजेल म्हणजे मातीत मिसळायचे, पाणी शोषून फुगणारे दाणे. ‘हायड्रोजेल स्वतःच्या वजनाच्या ४०० पट पाणी धरतं, कोरड्या हवामानात याहून चांगलं काही नाही’ असं सांगितलं जातं. उपयोग होतो हे मान्य, पण तो ४०० चा आकडा शुद्ध पाण्यातला. मी दोन ग्लासांत चिमूट चिमूट दाणे टाकून पाहिले होते, एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. सकाळी पहिल्यात काठोकाठ थलथलीत गर. दुसऱ्यात तळाशी बोटभर थर, वरचं पाणी तसंच!

दाण्यातल्या ऋणभारित साखळ्या एकमेकींना ढकलतात म्हणून तो फुगतो. बोअरच्या जड (क्षारयुक्त) पाण्यातलं कॅल्शियम त्याच साखळ्या आवळून धरतं, आणि एकदा आवळल्या की नंतर गोडं पाणी मिळालं तरी पुरत्या सुटत नाहीत. कॅल्शियम नायट्रेटसारखी खतंही हेच करतात, युरियाचा त्रास त्यामानाने कमी. त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचून पाण्याच्या पाळ्या कमी करण्याआधी आपल्याच पाण्यात दाणे भिजवून बघा, एक रात्र पुरते. आणि चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) जमीन म्हणून जिप्सम टाकणार असाल तर त्याच थरात हायड्रोजेल नको. जिप्सम म्हणजे कॅल्शियमच की.