आईची ८ महिन्यांची चक्कर, नाशिकमध्ये कुणाला दाखवू? (बजेट ५ हजार)

नाशिकची_लेक
आई ५९ वर्षांची. जानेवारीत पहाटे कूस बदलताना घर गरगरलं, उलट्या झाल्या. कानाच्या डॉक्टरांनी डोकं वळवून कानातले खडे जागेवर बसवले, गरगरणं दोन दिवसांत थांबलं. पण तेव्हापासून रोज तरंगल्यासारखं वाटतं. उभं राहिलं, गर्दीत गेलं की वाढतं. एमआरआय नॉर्मल. चिठ्ठीवर ‘पीपीपीडी’ (महिनोन्‌महिने टिकणारी तोलाची चक्कर) लिहिलंय. आईच्या डोक्यात मात्र पक्कं बसलंय की मानेची शीर दबलीय, एक दिवस पडणार आणि अंथरुणाला खिळणार. भाजीला जाणं बंद. कणीकसुद्धा एका हाताने मळते, दुसरा हात ओट्याला घट्ट. तोलाचे व्यायाम शिकवणारे फिजिओ सुचवा.

कोथरूडकर_काका
मानच असते. मी १४ हजारांची उशी घेतली, तीन महिन्यांत ठणठणीत. आईसाठी पैसे बघू नयेत.

चैताली_आर
काका, ५ हजार लिहिलंय त्यांनी. सासूबाईंना वर्षभर मानेचा पट्टा लावला. मान आखडली, चक्कर होती तिथेच.

सांगलीवाला
खडेच असणार, परत बसवून घ्या. माझे दोन मिनिटांत बसले.

चैताली_आर
बसवलेत हो, वर वाचा.

भिंत_सोडली
मी सव्वा वर्ष यातून गेले. हा भास नाही. बारानी सोसायटी या चक्कर-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये पीपीपीडीचे निकष छापलेत: तीन महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस, आणि उभं राहणं, हालचाल, गजबजलेली दृश्यं यांनी वाढणारी चक्कर. कान सुधारतो, पण मेंदू पहिल्या दिवसासारखाच सावध राहतो, तोलासाठी डोळ्यांवर जास्त विसंबतो. मला वाटायचं मेंदूत गाठ आहे आणि ती कुणाला दिसत नाहीये. म्हणून मान ताठ, नजर फरशीवर, पावलं आखूड. जितकं जपलं तितकं ते घट्ट होत गेलं. व्यायामाने सुरुवातीला चक्कर थोडी वाढते. ‘बघा, बिघडलं’ म्हणून मी दोनदा सोडून दिला. तिसऱ्या फिजिओताईंनी आधीच सांगितलं, वाढेल आणि थोड्या वेळाने ओसरेल. तेव्हा कुठे टिकले.

पप्पू_जळगाव
चक्करेची स्टेमेटिल गोळी द्या. बाबा चार वर्षं रोज घेतात, काही होत नाही.

भिंत_सोडली
कृपया असं सांगू नका. ती सुरुवातीच्या काही दिवसांची गोळी. रोज घेतली तर मेंदूचं जुळवून घेणं लांबतं, हातपाय थरथरण्याचाही धोका असतो. बाबांच्या डॉक्टरांना विचारा, मनाने बंदही करू नका.

कोथरूडकर_काका
उशीची लिंक हवी असेल तर सांगा.

मीरा_ठाणे
आईला सांगा, तुला काही झालेलं नाही, मन घट्ट कर.

चैताली_आर
हेच नका म्हणू. सासूबाईंना आम्ही हे म्हणालो आणि त्यांनी सांगणंच सोडलं. आणि नाशिककर, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली तर मात्र थेट दवाखाना गाठायचा.

नाशिकची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. उशी नको, आणि फिजिओही सध्या नको. सगळं वाचताना लक्षात आलं की एमआरआय डॉक्टरांनी मला दाखवला, आई बाहेर बाकावर बसली होती. तिला कुणी काही दाखवलंच नाही. शनिवारची वेळ घेतलीय. मानेचं काय ते तीच विचारणार आहे. रात्री म्हणाली, “माझ्यासमोर सांगू दे त्यांना.”