छोट्या बेटावर राहिलेली नामवंत माणसं: प्रदर्शनात कोणाला घ्यावं, कोणाला वगळावं?

सात_रस्ता

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या शाळेत आठवी-नववीचं प्रदर्शन आहे. विषय वर दिलाय, फलक आठ. याद्या भरपूर सापडतात, पण त्यांत बेट केवढं ते नसतं, माणूस तिथे किती काळ होता ते नसतं. काही ठिकाणी तर श्रीलंकासुद्धा 'छोटं बेट' म्हणून घातलंय. मला प्रत्येक फलकावर तीन गोष्टी हव्यात: बेटाचा आकार, राहण्याचा काळ आणि प्यायचं पाणी कुठून यायचं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातली मुलं आहेत, तिसरा प्रश्न ती सगळ्यात आधी विचारतील.

सध्याची नावं: नेपोलियन, सेल्कर्क ('रॉबिन्सन क्रूसो' ज्याच्यावरून सुचला म्हणतात तो खलाशी), मंडेला, सावरकर, कान्होजी आंग्रे, सिद्धरामेश्वर. दोन जागा रिकाम्या आहेत. शिवाय बेटावर चहूकडे खारं पाणी असताना मधे गोडं पाणी कसं टिकतं, हे दाखवणारं चालतं मॉडेल करता येईल का?

नवी_पेठ

सर, आधी 'छोटं' म्हणजे किती ते ठरवा, म्हणजे अर्धे वाद मिटतील. सोलापूर महापालिकेची हद्द सुमारे 178 चौरस किलोमीटर आहे. त्याहून लहान तेच बेट घ्या. मुलांना माप लगेच कळेल.

या मापात नेपोलियनचं एल्बा बसत नाही (सुमारे 224 चौ. किमी), सेंट हेलेना बसतं (सुमारे 122). फलकावर सेंट हेलेनाच घ्या. ऑक्टोबर 1815 ते 5 मे 1821. आधी दोनेक महिने तो 'द ब्रायर्स' या घराच्या आवारात होता, डिसेंबरपासून लाँगवुडला. लाँगवुड उंच पठारावर, सतत वारा आणि ओल. त्याच्या पिण्याचं पाणी जिरेनियम दरीतल्या एका झऱ्यावरून माणसं भरून आणत. मृत्यूनंतर त्याला त्याच झऱ्याजवळ पुरलं आणि 1840 मध्ये अवशेष पॅरिसला नेले. पाण्याच्या प्रश्नाला एवढं नेमकं उत्तर दुसऱ्या कोणाच्या फलकावर मिळणार नाही, म्हणून झऱ्याचं चित्र मोठं छापा, दोन टोकांच्या बायकॉर्न टोपीतलं त्याचं लहान चाललं तरी हरकत नाही.

सेल्कर्कच्या बाबतीत एक चूक फार होते. तो ज्या बेटावर होता त्याचं जुनं नाव 'मास आ तिएरा'. चिली सरकारने 1966 मध्ये त्याचं नाव 'रॉबिन्सन क्रूसो बेट' केलं. 'अलेहान्द्रो सेल्कर्क' नावाचं बेट वेगळं आहे, दीडशेहून जास्त किलोमीटर पश्चिमेला, आणि तिथे सेल्कर्क राहिलाच नव्हता. नकाशावर त्याचं नाव शोधून बाण मारला की बाण हमखास चुकतो. बेट साधारण 48 चौ. किमी. काळ: ऑक्टोबर 1704 ते फेब्रुवारी 1709, चार वर्षं चार महिने. जहाज गळकं आहे, या वादावरून तो कप्तानाशी भांडून उतरला, आणि ते जहाज पुढे खरंच बुडालं. जवळ बंदूक, तिची थोडी दारू, कुऱ्हाड, सुरी, भांडं, बायबल, अंथरूण. पाण्याची ददात नव्हती, बेटावर ओढे आहेत. त्रास उंदरांचा होता. रात्री ते पाय कुरतडायचे, म्हणून त्याने रानमांजरं माणसाळवली. बंदुकीची दारू संपल्यावर तो शेळ्यांच्या मागे पळून त्यांना पकडायचा. या शेळ्या आधी आलेल्या स्पॅनिश लोकांनी सोडलेल्या होत्या, हेही लिहा. नाहीतर निर्जन बेटावर शेळ्या आल्या कुठून, हे एखादं पोरगं विचारणारच.

रिकाम्या जागांपैकी एक खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहीला द्याच. हा माझा आग्रह आहे. डेन्मार्कच्या राजाने 1576 मध्ये त्याला ह्वेन हे जेमतेम साडेसात चौ. किमीचं बेट दिलं. आज ते स्वीडनमध्ये आहे. 1597 पर्यंत तो तिथे राहिला आणि दुर्बीण नसताना, नुसत्या डोळ्यांनी आणि मोठ्या उपकरणांनी, ग्रहताऱ्यांच्या जागा मोजण्यात एका कलेच्या आसपास अचूकता गाठली. (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, मुलांसाठी खाली लिहा.) त्याच्याच मंगळाच्या नोंदींवरून पुढे केप्लरने ग्रहांची लंबवर्तुळाकार कक्षा शोधली. वाड्याच्या गच्चीवर वाऱ्याने उपकरणं हलायची, म्हणून त्याने शेजारी जमिनीत खड्डे घेऊन दुसरी वेधशाळा बांधली. वाड्यात विहिरीचं पाणी नळांनी वरच्या खोल्यांत खेळवलं होतं. कागदाची गिरणी काढली, पण चाक फिरवायला बेटावर नदी कुठली? मग पावसाचं पाणी अडवायला बंधारे घालून तळ्यांची साखळी केली. हे सगळं बेटावरच्या शेतकऱ्यांच्या वेठबिगारीवर उभं राहिलं आणि ते त्याच्यावर नाराज होते. फलकावर ही बाजू गाळू नका.

विजापूर_वेस

वरच्या मापानेच बघितलं तर सावरकरांचं नाव या यादीत बसत नाही. सेल्युलर जेल पोर्ट ब्लेअरमध्ये (2024 पासून नाव श्री विजयपुरम) आहे आणि पोर्ट ब्लेअर ज्या दक्षिण अंदमान बेटावर आहे ते हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. 4 जुलै 1911 ला ते तिथे पोचले, मे 1921 मध्ये त्यांना परत आणलं. काळाच्या तारखा पक्क्या आहेत, पण 'छोटं बेट' म्हणता येणार नाही. अंदमान ठेवायचंच असेल तर बंदराच्या तोंडावरचं रॉस बेट घ्या. इंग्रजांचं मुख्य ठाणं आणि चीफ कमिशनरचं घर तिथे होतं. 2018 पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे.

कान्होजींबद्दलही जपून. 'कान्होजी आंग्रे द्वीप' हे आजचं नाव खांदेरीचं आहे. कान्होजींचं ठाणं मात्र अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात होतं, 1729 मध्ये ते अलिबागलाच वारले. कुलाबा भरतीला बेट असतो, ओहोटीला लोक चालत जातात. म्हणून फलकावर भरती आणि ओहोटी, अशी दोन चित्रं शेजारी लावा. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, पाण्याचा रकाना तिने भरेल.

पाण्याच्या दृष्टीने सिंधुदुर्ग सगळ्यात उजवा. मालवणच्या कुरटे बेटावर 1664 मध्ये बांधकाम सुरू झालं, 1667 मध्ये पुरं झालं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी, चहूबाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणजे भरणा आधीच करून ठेवायचा.

सिद्धरामेश्वरांना आठांत घालू नका, वेगळा नववा फलक करा. आपलं मंदिर तळ्याच्या मधोमध आहे म्हणून मुलं त्याला बेट म्हणतात आणि ते दिसतंही तसंच. पण बाकीच्या फलकांवर आधी बेट होतं, मग माणूस आला. इथे बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तळं केलं, असं परंपरा सांगते. म्हणजे क्रम उलटा आहे. कन्नड वचनं लिहिणारा हा शरण (लिंगायत संत) तळी खणण्याला पूजेइतकंच महत्त्व देत होता. पाण्यावरच्या प्रदर्शनात प्रवेशद्वाराजवळचा फलक त्यांचाच हवा.

होटगी_रोड

मॉडेलचं सांगते. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. वाळूच्या किंवा प्रवाळाच्या बेटावर पडलेला पाऊस मुरतो आणि खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगतो. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट असतं. म्हणून विहिरीत पाणी एक फूट उतरलं की खालून खारं पाणी बरंच वर चढतं. जास्त उपसा केला की विहीर बिघडते आणि सुधारायला काही पावसाळे लागू शकतात.

साहित्य: दोन फुटी काचेची माशांची टाकी, धुऊन चाळलेली जाडसर नदीची वाळू, सलाईनची नळी, इंजेक्शनची सिरिंज, खायचा रंग, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा). क्रश सँड नको, तिची भुकटी निघून काच गढूळ होते.

वाळूचा ढीग समोरच्या काचेला टेकवून करा, मधोमध केला तर भिंग दिसणारच नाही. लिटरमागे 35 ग्रॅम मीठ विरघळवून फडक्यातून गाळा आणि ढिगाच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत बाजूने हळू सोडा. मग रंगवलेलं साधं पाणी सलाईनच्या नळीने ढिगाच्या माथ्यावर थेंबथेंब. इथेच घाई होते. तांब्याने ओतलं की दोन्ही पाणी मिसळतं आणि नुसती रंगीत टाकी उरते. पाणी बाजूने वाढत जाईल, ते काठावरून काढत राहा. बारीक नळी आधीच ढिगात खोचून ठेवा आणि सिरिंजने उपसा करा. थोडं ओढलं तर रंगीत पाणी येतं, जोरात ओढलं तर बिनरंगी खारं.

मीटरचं एक लक्षात ठेवा. स्वस्त टीडीएस मीटर 9990 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) पुढे मोजत नाही आणि समुद्राचं पाणी 35,000 च्या घरात. सरळ बुडवला तर आकडा येत नाही आणि मुलांना मीटर बिघडला असं वाटतं. नमुना एक भाग आणि आरओचं पाणी नऊ भाग मिसळा, येणारा आकडा दहाने गुणा.

मॉडेलखाली 'वाळूचं बेट' असं ठळक लिहा. सिंधुदुर्ग खडकाचा आहे, तिथे पाणी खडकातल्या भेगांमधून आणि विहिरीत साठतं. दोन्ही एकच आहेत असा समज व्हायला नको.

सात_रस्ता

सगळ्यांचे आभार. सावरकरांच्या जागी सिंधुदुर्ग आणि एक जागा टायको ब्राहीला. शेवटच्या जागेसाठी कोणी बाई सुचवा, सगळे पुरुषच झालेत. आणि मंडेलांचं पाणी?

नवी_पेठ

टोव्हे यान्सन. मूमिन या बालकथांची चित्रकार-लेखिका. फिनलंडच्या आखातातलं क्लोव्हहारू, काही मिनिटांत फेरी पूर्ण होते एवढा खडक. 1960 च्या दशकाच्या मध्यावर एका खोलीचं घर बांधलं, चारही दिशांना खिडक्या, वीज नाही, नळ नाही. जोडीदार तूलिक्की पिएतिला यांच्याबरोबर जवळपास तीस उन्हाळे तिथे काढले आणि वय झाल्यावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेट सोडलं. 'उन्हाळे' हा शब्द फलकावर ठेवा, बारमाही वस्ती नव्हती.

मंडेला: रॉबेन बेट, सुमारे 5 चौ. किमी, 1964 ते 1982, म्हणजे 27 वर्षांच्या तुरुंगवासातली 18. सुरुवातीची बरीच वर्षं कैद्यांना आंघोळ समुद्राच्या गार पाण्याने करावी लागे, खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. चुन्याच्या खाणीतल्या चकाकीने डोळे बिघडले ते वेगळंच.

नकाशे सगळे एकाच प्रमाणात काढा, 1 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. सेंट हेलेना 17 सेंटिमीटर लांब येईल, ह्वेन साडेचार. क्लोव्हहारू एक मिलिमीटरच्या आसपासचा ठिपका होईल, त्याला लाल पेनाने गोल करा.